देताना सपाट, घेताना शीग

आमच्या घरी पायल्या दोन होत्या. दोन्ही लाकडी, दोन्हींच्या काठाला पितळेची पट्टी, दोन्ही माळ्यावर शेजारी शेजारी उपड्या घातलेल्या. परक्याला फरक कळला नसता. पण आजी त्यातल्या एकीला कधी हात लावायची नाही. ती थोरल्यांची. थोरले म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. घरचा कारभार त्यांचा, वही त्यांची, कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. आषाढात वाडीवरची माणसं भात मागायला आली की थोरले धाकट्या पायलीने मापून द्यायचे आणि काठावरून तळहात फिरवून भात सपाट करायचे. दिवाळीनंतर तेच भात परत यायचं तेव्हा थोरली पायली खाली उतरायची आणि तिच्यावर शीग चढायची, पार बाजूंनी ओघळेपर्यंत. वहीत मात्र दोन्ही वेळा एकच आकडा. वर दिढी होतीच, म्हणजे मणाला दीड मण.

"ती शीग मी उभ्या जन्मात विसरले नाही गो," आजी म्हणायची. मग थोडं थांबून, "आणि बायसुद्धा."

बायचं खरं नाव मला ठाऊक नाही. आजीला असावं, पण ती 'बाय' म्हणायची म्हणून आम्हीही बायच म्हणायचो. बाय कातकऱ्यांतली. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी त्यांची वाडी. मला आठवते ती म्हातारी बाय: बारीक, काळीभोर, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, आणि हसली की पुढचे दोन दात सोडून बाकी सगळं तोंड मोकळं. जे सांगते आहे त्यातलं बरंचसं आजीच्या तोंडचं, काही मोठ्या आत्याच्या तोंडचं. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, कर्जतला असते, आणि आजीने सांगितलेल्या निम्म्या गोष्टी तिला मान्य नाहीत. त्यामुळे कुठे दोघींचं जुळलं नाही तर मी दोघींचंही सांगेन.

आजी खालापूरकडची. चौकजवळचं माहेर, इर्शाळगडाच्या पायथ्याचं. लग्न झालं ते घाईघाईत. शारदा कायदा झाला होता, १ एप्रिल १९३०पासून चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरणार होता, आणि त्याआधी मुली उजवून टाकायची देशभर एकच झुंबड उडाली होती. आजी अकरा वर्षांची. एका मांडवात तीन लग्नं उरकली, भटजींना पुढच्या गावी जायचं होतं, असं ती सांगायची. बैलगाडीतून चौकहून कर्जत, तिथून पेज नदीच्या काठाकाठाने सासरी. गाडीत रडून रडून झोप लागली आणि जाग आली ती सासूने ओवाळायला आणलेल्या निरांजनाच्या उजेडात.

त्याच उन्हाळ्यात बायही आली. तिचं लग्न आजीच्या आधी की नंतर, यावर मतभेद आहेत. पण ती आली ती नवऱ्याच्या मागून, आणि नवरा आला होता लग्नाच्या कर्जातून. लग्नाला पैसे हवेत, देज द्यायचं, ताडी पाजायची, जेवण घालायचं. ते पैसे घरधन्याने द्यायचे आणि बदल्यात नवरा-नवरीने त्याच्याकडे राबायचं, पैसे फिटेपर्यंत. ठाणे जिल्ह्यात याला लग्नगडी म्हणत. आमचं कर्जत १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, मग कुलाब्यात आलं, आणि १९८१ला कुलाब्याचं रायगड झालं. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून चालीरीती बदलत नाहीत. बायच्या हळदीचा रंग उतरायच्या आत ती आमच्या शेतात राबाच्या मोळ्या वाहत होती.

राब आता फारसा कोणी भाजत नाही, म्हणून सांगते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पातेरा, वरून माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात ते पेटवायचे. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. फांद्या तोडायला पुरुष झाडावर चढायचे आणि त्या खाली वाहून आणायच्या बायकांनी, डोंगर उतरत, डोक्यावरच्या मोळीने पुढचं दिसत नसताना. मग पावसात आवणी, चिखलात कमरेतून वाकून. मग कापणी, मग खळ्यावर झोडणी, मग गवत. गवत संपलं की पुन्हा राब. असं वर्ष फिरायचं, आणि त्यात भर म्हणून आषाढातलं भात पुन्हा वहीवर चढायचं. फिटणार कधी? आजीला हिशेब यायचा नाही, पण हा प्रश्न तिला अकराव्या वर्षी पडला होता.

दोघींची गाठ नदीवर पडली. पेज बारमाही वाहते. ही निसर्गाची कृपा नव्हे, टाटांची. घाटावर धरणाने अडवलेलं पाणी नळांतून खाली भिवपुरीच्या वीजघरात पडतं आणि तिथून पेजेत येतं. १९२२पासून असं चाललं आहे. त्यामुळे आमच्याकडे भर उन्हाळ्यातही नदीला पाणी. आजी धुणं घेऊन गेलेली, बाय तिथे कडूकंद धूत बसलेली.

आणि इथे आजी नेहमी कडूकंदावर घसरायची, मीही घसरते. कंद खोदून काढायचा म्हणजे पुरुषभर खड्डा. वर सोलून आत पाहिलं तर पिवळसर, दिसायला रताळ्यासारखा, पण जिभेवर ठेवलात तर दिवसभर घसा खवखवेल. बाय त्याच्या पातळ चकत्या करायची, चुलीतली राख लावून उकडायची, मग त्या वेताच्या टोपलीत भरून टोपली वाहत्या पाण्यात दगडांच्या मध्ये अडकवून ठेवायची, रात्रभर. सकाळी टोपली काढून एक चकती तोंडात टाकून बघायची, कडू लागली की पुन्हा पाण्यात. घाई केली तर माणूस आजारी पडतो, उलट्या होतात. भुकेल्या पोराला शेजारी बसवून, अन्न समोर पाण्यात ठेवून, ते खाण्याजोगं होईपर्यंत थांबायचं. आजी म्हणायची, "मला तर भूक म्हणजे काय ते तिथं कळलं. आमच्याकडे जेवायला उशीर झाला की भूक. तिच्याकडे जेवण समोर असून भूक."

त्या दिवशी बायने अकरा वर्षांच्या नव्या नवरीला एक चकती दिली. आजीला आवडली नाही. पण तिने खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पदरात गूळ लपवून नदीवर गेली.

पावसाळ्यात बाय चिंबोऱ्या आणायची. पहिल्या पावसात ओढ्याकाठी रात्री मशाल घेऊन जायचं, दगड उचलायचा आणि नांगी पकडायच्या आत पाठीवरून धरायची. त्या गवताच्या काडीने बांधून मागच्या दारी. त्यांच्या बदल्यात तांदळाच्या कण्या. हा व्यवहार बायकांचा होता, ओटीवरच्या वहीत तो कधी गेला नाही. चिंबोऱ्यांच्या नांग्या वाटून काढलेल्या रसाचं कालवण, त्यात कोकम, वरून ओल्या खोबऱ्याचं वाटण, आणि गरम भात. थोरले ते बोटं चाटून खायचे. शेवळंही बायच आणायची. ती बोंडं नीट सोलून, आतला पिवळा भाग काढून, काकड्याच्या फळांबरोबर शिजवायची, नाहीतर घशाला खाज सुटते. हे आजीला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. टाकळा कधी खुडायचा, भारंगी कधी जून होते, कुरडूची भाजी कुठल्या बांधावरची घ्यायची, हे सगळं बायकडून आलं. माझ्या आईने ते आजीकडून घेतलं. म्हणजे आमच्या घरच्या पावसाळी स्वयंपाकाची गुरू ही आमच्याकडे कर्जात अडकलेली बाई.

आजी मागच्या दारी कण्या मापायची ती करवंटीने. तिच्या करवंटीला नेहमी शीग असायची. सासू घरात असेल तेव्हा ती शीग लावून, मग सासूच्या देखत वरून हात फिरवायची आणि ओघळलेले दाणे खाली बायच्या पसरलेल्या पदरात पडतील असा हात फिरवायची. आत्या मला हे करून दाखवते अजून, रवा मापताना. अंगठा आत, करंगळी बाहेर, आणि मनगटाला किंचित झोका.

पण याच मागच्या दाराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वळचणीला एक करवंटी वेगळी टांगलेली असायची. बायला चहा, ताक, पाणी जे काय द्यायचं ते त्यात, वरून ओतून. बाय ती धुऊन पुन्हा वळचणीला अडकवायची. पडवीच्या पायरीच्या वर ती कधी बसली नाही. माझ्या आत्याच्या जन्माच्या वेळी बाळंतपण अवघड गेलं, आजी तापाने फणफणली, दूध आटलं, आणि बायची पोर तेव्हा महिना-दीड महिन्याची होती. तर माझ्या आत्याला पहिले काही दिवस बायने पाजलं. सासूने परवानगी दिली. पण पाजायचं पडवीच्या पायरीवर बसून. मूल आतून बाहेर आणायचं, पाजून झालं की आंघोळ घालून आत न्यायचं. आत्या म्हणते, "अगो, तशी रीत होती. बाय आमच्या घरचीच होती." आत्याशी मी या एका बाबतीत नेहमी भांडते. घरची असती तर तिचं नाव कर्जाच्या वहीत कशाला असतं? आणि तेही नव्हतंच. वहीत नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा अंगठा. राबायची जोडी, मोजायचं एक माणूस. तिची सगळी आयुष्यभराची मजुरी नवऱ्याच्या अंगठ्याखाली दडली.

आजीने असली सारवासारव कधी केली नाही. ती म्हणायची, "माझा जीव होता तिच्यावर. पण करवंटी मी काढून टाकली नाही, सासू गेल्यावरही कितीतरी वर्षं." एवढंच. पुढे काही बोलायची नाही.

आजीच्या माहेरची एक गोष्ट आहे. ती चार पिढ्यांच्या तोंडून आली आहे, म्हणून तिचे कोपरे झिजलेले आहेत. त्यांच्या घराण्यात पेशवाईत कधीतरी एक कुणबीण होती. दुष्काळात आईबापांनी घाटावरून खाली आणून विकलेली पोर. किती होनांना, रुपयांना, की पोतंभर धान्याला, ते कोणी सांगत नाही. लहानपणी मला ही दंतकथा वाटायची. पुढे वाचलं तेव्हा कळलं की पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी भरपूर आहेत, सरकार त्यावर जकात घेई, आणि किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागेत दळण-कांडण, सारवण, वैरणीची कामं या बायकांकडून करून घेतली जात. शिंदळकीचा आरोप ठेवून घरातून काढलेल्या कितीतरी बायका अशा सरकारच्या कुणबिणी झाल्या. आरोप बाईवर, शिक्षा बाईला. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आजही सुरेख आहे, जाणारे येणारे बघतात. त्याच काळात, त्याच घाटवाटेने, पोटासाठी विकलेल्या मुली खाली येत होत्या. दोन्ही आठवावं.

तर ती कुणबीण आणि घरची मालकीण दोघी एका वयाच्या. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं केली. मालकीण लवकर विधवा झाली, आणि मग म्हातारपणी दोघी एका गोधडीत झोपायच्या, असं आजीच्या आजीने आजीला सांगितलेलं. मालकिणीने मरताना मुलांना म्हटलं, हिला मोकळी करा. मुलांनी केली की नाही, ते गोष्टीत नाही. इंग्रजांचा गुलामी न मानणारा कायदा १८४३चा, आणि माणूस विकत घेणं-विकणं दंड संहितेत गुन्हा ठरलं ते १८६०ला. ही बाई तेव्हा होती की कधीच गेली होती, कोण जाणे. वंशावळीत तिचं नाव नाही. पण आजीच्या माहेरी सर्वपित्रीला एक पान कुंपणाजवळ वेगळं मांडत, त्यावर वडे, भाजी, खीर सगळं. पुरुषांना विचारलं तर म्हणायचे कावळ्यांसाठी. बायका म्हणायच्या, कुणबिणीचं. आजीने ते पान आमच्याकडेही सुरू केलं. तिच्या सासूने विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

खोपोलीवरून आणखी एक आठवलं. बोर घाटाचा लोहमार्ग झाला तेव्हाचं. पळसदरीपासून वर, डोंगर फोडून, दऱ्यांवर कमानी टाकून. सगळ्यात भराच्या काळात चाळीस हजारांहून जास्त माणसं घाटात होती. पटकीने माणसं पटापट मेली. आजीची आजी सांगायची, तिच्या लहानपणी घाटातून सुरुंगाचे आवाज यायचे आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका पोरं झाडाला झोळी बांधून ठेवायच्या. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि पुढचा ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, चालवला, हाताखाली इंजिनियर ठेवून. १८६३ला घाट खुला झाला. त्या काळात एका बाईने एवढं काम तडीस नेलं याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. पण झोळीतली पोरं कोणाची होती, त्या आयांची नावं काय होती, हे विचारायला आजीने शिकवलं.

आमच्या दोन नवऱ्या आल्या त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९३०ला, उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. वाडीवर ही बातमी कशी पोचली असेल? रानावर जगणाऱ्यांचं रान १८७८च्या कायद्याने सरकारचं झालं, खैराचा कात करण्याचा त्यांचा धंदा गेला, आणि कातकरी दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्टीवर आणि दुसऱ्याच्या शेतावर आले. बायच्या बापाला कात पाडता यायचा. बायला नुसता वास आठवायचा.

मग भाई कोतवालांचे दिवस. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. आमच्या भागात त्यांनी शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या, म्हणजे पावसात सावकाराच्या ओटीवर जायला नको. थोरल्यांना ते मुळीच रुचलं नाही. ओटीवर आवाज चढायचे आणि माजघरात आजी जात्याचा खुंटा धरून हळूहळू दळायची, ऐकू यावं म्हणून. १९४२ला कोतवाल भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा राहिला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले गेले. आजी सांगायची की त्या दिवाळीनंतर तिने चार-दोनदा भाकऱ्या बांधून दिल्या आणि बायने त्या मोळीत घालून रानात पोचवल्या. आत्या म्हणते, कर्जत-मुरबाडच्या ज्या घरात जाशील तिथे कोणी ना कोणी भाकऱ्या पोचवलेल्या असतात. तेही खरं. पण आजीला एक बारीक गोष्ट आठवायची: बायने परत येऊन सांगितलं होतं की भाकरी नाचणीची नको, तांदळाची दे, नाचणीची वाटेत मोडते. असं खोटं कोण कशाला रचेल?

२ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पहाटे पोलिसांनी गाठलं. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे पडले. कोतवाल अवघे तीस वर्षांचे. आमच्या गावात त्या दिवशी किती चुली पेटल्या नाहीत हे सांगताना आजी आणि आत्या यांचं एकमत आहे. थोरल्यांचीही पेटली नाही. मात्र त्या वर्षीच्या दिवाळीनंतर थोरली पायली पुन्हा खाली उतरली.

आता पुतळ्यांच्या माळेची गोष्ट, जी घरात कोणी मोठ्याने सांगत नाही.

आजीला माहेरहून पुतळ्यांची माळ आलेली, स्त्रीधन. माझ्या आईच्या लग्नात ती बाहेर काढली तेव्हा तिच्यात मधूनमधून लाखेचे मणी होते. पुतळी, पुतळी, मणी, पुतळी, मणी, मणी. सासरच्यांना सांगितलं की नदीवर धागा तुटला आणि काही पुतळ्या वाहून गेल्या. आत्या आजही तेच सांगते. आईला मात्र आजीने मरायच्या आधी वेगळं सांगितलं.

बायची लेक, म्हणजे आत्याची दूधबहीण, सोळा-सतरा वर्षांची झाली. तिचं लग्न ठरलं, मुलगा वाडीवरचाच. पुन्हा तेच, लग्नाला पैसे, पैशांसाठी ओटी, ओटीवर वही. बाय मागच्या दारी आली आणि पायरीवर बसून राहिली. काही मागितलं नाही. आजीने विचारलं, किती? बायने आकडा सांगितला. आजीने पुतळ्या काढून कर्जतच्या एका सोनाराकडे पाठवल्या, एका विश्वासू माणसाच्या हाती, आणि लेकीचं लग्न कोणाच्याही वहीत न चढता झालं. १९५३-५४ असेल. पुढे लेकीच्या पोराच्या आजारपणात आणखी एक गेली. एकदा नवऱ्याला फॉरेस्टवाल्यांनी धरलं तेव्हा आणखी एक. प्रत्येक पुतळीच्या जागी मणी ओवताना आजी म्हणायची म्हणे, "माळ तेवढीच दिसली पाहिजे."

बायला मात्र ती सोडवू शकली नाही. ती वही थोरल्यांची होती, आणि घरातल्या सुनेने घरच्याच सावकाराला स्वतःचं सोनं देऊन घरचाच गडी सोडवायचा, असं मांडायचं तरी कसं? माझं मत विचाराल तर तिने ते मांडायला हवं होतं. पण त्या माजघरात मी अकराव्या वर्षी आले नव्हते.

मी कॉलेजात गेले तेव्हा गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं. तलासरी-उंबरगावकडच्या वारल्यांची गोष्ट, १९४५चा उठाव. त्यात लग्नगडी भेटला आणि मी पुस्तक मिटून बसले. आपल्या घराला पुस्तकात भेटणं सोपं नसतं. सुट्टीत घरी आले आणि आजीला तो भाग वाचून दाखवला. आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "या बाई कुठच्या? आमच्याकडे का नाही आल्या?"

तेवढ्यात कायदा आला. आणीबाणीचे दिवस. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६चा, पण लागू धरला २५ ऑक्टोबर १९७५पासून. वेठीचं कर्ज रद्द, त्यासाठी कोर्टात जाता येणार नाही, कोणी पुन्हा राबवून घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच वेळी महाराष्ट्रात लहान शेतकरी आणि मजुरांच्या कर्जमुक्तीचाही कायदा झाला. थोरले तेव्हा हयात नव्हते. काकांनी वही ओटीवरून उचलून कुठेतरी ठेवली, आणि पुढे तिला वाळवी लागली असं सांगितलं. आजी धावतच मागच्या दारी गेली, बायला म्हणाली, "सुटलीस गो."

बाय म्हणाली, "मंग आषाढात भात कोन देईल?"

हे मी स्वतः ऐकलं आहे. आणि तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यात गावातल्या सगळ्या ओट्यांनी हात आखडते घेतले. कर्ज बुडणार असेल तर द्यायचं कोणी? वाडीवर त्या वर्षी कडूकंदही पुरला नाही. आमच्या घरी मागच्या दारी मात्र करवंटी चालू राहिली, आणि काकांनी तिकडे बघायचं टाळलं. नंतर कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था आली, तिने वाड्यावाड्यांवर धान्याच्या बँका सुरू करून दिल्या. भात वाडीचंच, माप वाडीचंच, पावसात न्यायचं आणि सुगीला थोडं जास्त घालून परत करायचं. कोतवालांनी जे मांडलं तेच पुन्हा. बायने पहिल्यांदा तिथलं भात आणलं ते आधी आजीला दाखवायला आली. सूप पुढे धरून म्हणाली, "वयनी, बघ. शीग."

बाय गेली त्यानंतर थोड्या वर्षांनी. आजीने त्या सर्वपित्रीला दोन पानं मांडली, आणि दुसरं कुंपणाजवळ न ठेवता पडवीत ठेवलं.

बायची लेक अजून आहे. आत्याच्या वयाची, पण चालायला आत्यापेक्षा बरी. रेशनच्या, दाखल्याच्या कामाला कर्जतला आली की आत्याकडे उतरते. दोघी एकाच पलंगावर बसून टीव्ही बघतात आणि भाजीच्या भावावरून कचाकचा भांडतात. गेल्या वैशाखात मी आत्याकडे होते तेव्हा ती नातीच्या मुलीला घेऊन आली. पोरगी विशीतली, नुकती वीटभट्टीवरून परतलेली. दिवाळीनंतर मुकादमाचा टेम्पो वाडीवर येतो, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला जोडपी त्यात बसतात, पनवेल-खालापूरकडे कुठेतरी झोपडं टाकतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत विटा पाडतात. मजुरी हजार विटांवर. आठवड्याला खर्चीपुरते पैसे, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. त्या हिशेबात बहुतेक वेळा उचल शिल्लकच राहते, आणि शिल्लक राहिली की पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच टेम्पो.

ही पोरगी आठवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. तिने या वर्षी रोज संध्याकाळी आपल्या विटा मोजून शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. मुकादमाचा आकडा कमी आला तेव्हा तिने वही काढली. भांडण झालं. थोडे पैसे सुटले, सगळे नाही. आत्याने विचारलं, "उचल कोणाच्या नावावर?"

"त्याच्या."

"चिखल कोण तुडवतं? साच्यावर कोण बसतं?"

"दोघं."

"मग तुझंही नाव घालून घे. तोवर टेम्पोत बसू नको."

पोरगी म्हणाली, "मुकादम तयार आहे की. म्हणतो, तुझं नाव घातलं तर उचल तुझ्यावर पण चढेल. तो मेला तरी तुला फेडावी लागेल."

आत्याला यावर काही सुचलं नाही. बायची लेक म्हणाली, त्याचं सांगणं ऐकू नको, तो भीती घालतो, तालुक्याला जाऊन विचार. मी म्हटलं मी येते बरोबर, उद्याच जाऊ, कायदा उचलीच्या नावावर माणूस अडकवू देत नाही. तोवर आत्याने उशाखालचा चष्मा काढला, पोरीच्या हातातली वही ओढून घेतली आणि कार्तिकापासून एकेका दिवसाची बेरीज करत बसली. चौथीपर्यंतच शिकली आहे ती, पण पाढे पक्के. संध्याकाळपर्यंत तिला दोन ठिकाणी हातचा विसरलेला सापडला. दोन्ही वेळा पोरीने स्वतःच्याच विटा कमी लिहिल्या होत्या.